बोर्डावरचे दोन रेझिस्टर

ऐन उन्हाळ्यात कॉम्प्युटर चालता चालता बंद पडायला लागला, की संशय दोघांवर जातो: तापलेला प्रोसेसर, नाहीतर डळमळणारा पॉवर सप्लाय. लिनक्सवर या दोघांवर नजर ठेवायची सोय 'एलएम-सेन्सर्स' हे पॅकेज करतं. ती नेमकी चालते कशी हे बघायला मी बसलो आणि तापमानापेक्षा व्होल्टेजपाशीच रेंगाळलो.

इतिहास थोडक्यात सांगतो. नॅशनल सेमिकंडक्टरच्या एलएम७८ आणि एलएम७५ या चिपांसाठी फ्रोडो लोइयार्ड आणि फिलिप एडलब्रॉक यांनी १९९८ च्या सुमारास हे काम उभं केलं. पुढे ज्याँ देल्वार यांनी ते वर्षानुवर्षं सांभाळलं. चिपांशी बोलणारे ड्रायव्हर आता कर्नलमध्येच असतात.

पॅकेज टाकलं की आधी 'सेन्सर्स-डिटेक्ट' ही पर्लमधली स्क्रिप्ट चालवायची. ती बोर्डावरच्या चिपा हुडकते, पण प्रत्येक टप्प्याआधी परवानगी विचारते. शेवटी कोणते ड्रायव्हर लागतील ते सांगते. मग 'सेन्सर्स' ही कमांड दिली की आकडे समोर येतात. इंटेलच्या प्रोसेसरमधला सेन्सर थेट तापमान सांगत नाही, कमाल मर्यादेपासून आपण किती अंश खाली आहोत एवढंच सांगतो. वजाबाकी ड्रायव्हर करतो. इथवर फारसं अडत नाही.

व्होल्टेजचं तसं नाही. ते मोजणारी चिप बहुधा विनबाँड, नुवोटॉन किंवा आयटीईची असते. विनबाँडच्या जुन्या चिपा १६ मिलिव्होल्टच्या पायऱ्यांनी मोजतात आणि ४.०८ व्होल्टला थांबतात. मग १२ व्होल्टची लाइन त्यांना मोजता यावी कशी? त्यासाठी बोर्डावर दोन रेझिस्टर बसवून व्होल्टेज आधी उतरवलेलं असतं. समजा २८ आणि १० किलोओहमची जोडी आहे. चिपने १९७ पायऱ्या मोजल्या तर तिच्या पिनवर ३.१५२ व्होल्ट आहेत. त्याला ३.८ ने, म्हणजे (२८ + १०) भागिले १० ने, गुणलं की ११.९८ व्होल्ट येतात. एक पायरी इकडे-तिकडे झाली, तर पडद्यावरचा आकडा ०.०६ व्होल्टने हलतो. तेव्हा एवढ्याशा चढउताराने घाबरायचं कारण नाही. एटीएक्सच्या नियमानुसार १२ व्होल्टला पाच टक्के इकडे-तिकडे चालतं, म्हणजे ११.४ ते १२.६.

खरी गोम अशी, की हे ३.८ चिपला ठाऊकच नसतं. कोणत्या पिनला कोणती लाइन जोडायची आणि कोणते रेझिस्टर लावायचे, हे बोर्ड बनवणारा ठरवतो आणि सहसा जाहीर करत नाही. मोकळ्या सोडलेल्या पिनसुद्धा काहीतरी आकडा दाखवतात. उणे १२८ अंश तापमान दिसलं, तर तिथे बहुधा सेन्सर जोडलेलाच नसतो. आपल्याच पैशांनी घेतलेल्या बोर्डाबद्दल एवढी साधी माहिती मिळू नये, हे मला मुळीच पटत नाही.

'सेन्सर्स-डिटेक्ट'च्या परवानगी विचारण्यामागेही एक जुना धडा आहे. आयबीएमच्या काही थिंकपॅडमध्ये २४आरएफ०८ नावाची मेमरी चिप होती. इतर चिपांना निरुपद्रवी ठरणाऱ्या चाचपणीने तिच्यातला मजकूर बिघडायचा आणि लॅपटॉप सुरूच व्हायचा नाही. त्यानंतर चाचपणीची पद्धत बदलली. पीआयआयएक्स४ या चिपसेटच्या बस-ड्रायव्हरमध्ये तर अशी तपासणी घातली, की मशीन आयबीएमचं दिसलं तर तो लोड व्हायलाच नकार द्यायचा. ही सावधगिरी मला फार मोलाची वाटते.

अडचणी आजही आहेत. कधी चिप सापडते, पण तिचा ड्रायव्हर नसतो. कधी चिपशी बोलायचे पत्ते बोर्डाच्या फर्मवेअरने (एसीपीआयने) आपल्याकडे राखलेले असतात. दोघांनी एकाच वेळी चिपला हात घालू नये म्हणून कर्नल ड्रायव्हरला अडवतो. ही अडवणूक बूटच्या वेळी एक पर्याय देऊन सैल करता येते, पण ती जोखीम आपली. आणि सगळं जमलं तरी 'इन ३', 'इन ४' अशी बिननावाची रांग उरतेच.

एलएम-सेन्सर्सच्या सोर्ससोबत वापरणाऱ्यांनी पाठवलेल्या बोर्डवार कॉन्फिगरेशन फाइल मिळतात. आपला बोर्ड त्यांत नसेल तर आधी बायॉसच्या पडद्यावरचे आकडे टिपून घ्यावेत. मग मल्टिमीटरचं काळं टोक पॉवर सप्लायच्या काळ्या वायरला आणि लाल टोक पिवळ्या वायरला लावून १२ व्होल्टची लाइन मोजावी. त्या आकड्याला 'सेन्सर्स'ने दाखवलेल्या पिनवरच्या आकड्याने भागलं की गुणक मिळतो. तो कॉन्फिगरेशन फाइलमधल्या 'कंप्यूट'च्या ओळीत लिहायचा, 'लेबल'च्या ओळीत नाव द्यायचं आणि मोकळ्या पिन 'इग्नोर'ने झाकून टाकायच्या.