‘१ दाबा’ म्हणतात, पण दाबलं तरी काही होत नाही? खोट तुमच्या मोबाईलमध्येच असेल असं नाही

एखाद्या कार्यालयाला फोन लावला. ‘मराठीसाठी १ दाबा’ असं ऐकू आलं. तुम्ही १ दाबला, पुन्हा दाबला, तरी तीच टेप चालू. आपल्याला वाटतं मोबाईल बिघडला. पण खोट पलीकडच्या यंत्रातही असू शकते.

मोठ्या कार्यालयात बाहेरचा फोन बऱ्याचदा आधी ‘व्हॉइस राउटर’ या यंत्रावर येतो. कॉल कसा घ्यायचा, याचे नियम त्यात भरून ठेवावे लागतात. सिस्को कंपनीच्या राउटरमध्ये या नियमाला ‘डायल पीअर’ म्हणतात. कोणता नंबर लावलाय, कुठल्या नंबरवरून आलाय, कोणत्या लाईनवर आलाय, हे बघून राउटर नियम जुळवतो.

नियमच जुळला नाही तर?

अशा वेळी हा राउटर स्वतःचा ० नंबरचा नियम लावतो. तो बदलता येत नाही. बोलणं नीट होतं, म्हणून कार्यालयात कुणाच्या लक्षातही येत नाही. अडचण येते ती बटणांची. इंटरनेटच्या लाईनवर दाबलेला आकडा वेगळा पाठवायची सोय या नियमात नाही. बटणाचा ‘टूं’ आवाज बोलण्यासोबतच जातो. लाईन वाचवायला ६४ किलोबिटचा आवाज ८ किलोबिटवर आणला, की तो ‘टूं’ बिघडतो. मग १ दाबला की २, हे यंत्राला कळत नाही.

चोरीचाही धोका

साध्या टेलिफोन लाईनवर नियम नसेल, तर जुन्या राउटरमध्ये फोन लावणाऱ्याला पुन्हा डायल टोन ऐकू येते. भामटे तिथून परदेशी नंबर फिरवतात आणि बिल कार्यालयाच्या माथी बसतं. सिस्कोच्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये ही वाट मुळातच बंद असते. जुन्यात ती बंद करून घ्यावी लागते.

तुम्ही काय कराल?

- दुसऱ्या एखाद्या हेल्पलाईनला फोन लावून बटण चालतं का बघा. चाललं तर मोबाईल ठीक आहे.
- कार्यालयाला तारीख, वेळ, तुमचा नंबर आणि दाबलेलं बटण कळवा. एवढ्यावरून तंत्रज्ञ तो कॉल शोधून कोणता नियम लागला ते पाहू शकतो.
- पुन्हा डायल टोन आली, तर तेही आवर्जून सांगा.

‘फोन लागत नाही’ एवढंच सांगितलं, तर दोष सापडणं अवघड. फोन लागतो, पण बटण चालत नाही, असं नेमकं सांगा.