केशिकीय अंतःशोषण
सच्छिद्र पदार्थात केशाकर्षणामुळे द्रव आपोआप शिरण्याची क्रिया, उदा., टीपकागदाने शाई टिपणे, विटांच्या भिंतीत जमिनीतील ओल चढणे. पृष्ठताण द्रवाला पुढे ओढतो, तर श्यानता (प्रवाहाला होणारा अंतर्गत विरोध) त्याला अडविते. भिजलेली लांबी वाढते तसा विरोधही वाढतो, म्हणून गुरुत्वाचा परिणाम उपेक्षणीय असल्यास दुप्पट अंतरास चौपट वेळ लागतो (ई. डब्ल्यू. वॉशबर्न, १९२१). छिद्रे लहानमोठी असल्याने ओलाव्याची कड दंतुर होते. पृष्ठताण ती काही अंशी सपाट करतो. भिंतीत शोषण व बाष्पीभवन यांचा समतोल होतो तेथे ही कड थांबते आणि साचलेल्या लवणांच्या स्फटिकांमुळे गिलावा सुटतो. म्हणून केवळ नवा गिलावा पुरत नाही. पायथ्याशी जलरोधक थर देऊन शोषणाचा मार्गच तोडावा लागतो.