आमदारांचा कार्यअहवाल वाचताना

निवडणूक जवळ आली, की आमदारांचे गुळगुळीत कागदावरचे कार्यअहवाल पेपरातून घरोघरी येऊन पडतात. असा अहवाल काढायची कायद्याने सक्ती नाही, तेव्हा काढणाऱ्याचं कौतुकच. पानं भरतात ती बहुतेक भूमिपूजनाच्या फोटोंनी. नारळ फुटला म्हणजे रस्ता झाला असं नाही. ‘पाठपुरावा सुरू’ म्हणजे पत्र दिलंय. ‘प्रशासकीय मान्यता’ म्हणजे कागदावर मंजुरी. कार्यारंभ आदेश निघाल्याशिवाय ठेकेदार खडीचा ट्रक आणत नाही.

महाराष्ट्रात आमदार निधी 2022च्या अर्थसंकल्पीय अधिवेशनात वर्षाला 4 कोटींवरून 5 कोटी रुपये झाला. हा पैसा आमदारांच्या हाती येत नाही. ते काम सुचवतात, मंजुरी जिल्हा प्रशासनाकडून मिळते. समाजमंदिरावर ‘अमुक साहेबांच्या निधीतून’ अशी पाटी असली, तरी खर्च सरकारी तिजोरीतूनच होतो.

विधानसभेतल्या तारांकित प्रश्नाला मंत्री तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकिताला लेखी उत्तर मिळतं. अहवालात नुसती प्रश्नांची संख्या असेल, तर उत्तर काय आलं ते खुशाल विचारावं. गल्लीतल्या तुंबलेल्या गटाराचा जाब मात्र आमदारांना विचारू नये; ते नगरपालिकेचं किंवा ग्रामपंचायतीचं काम.