मोजपट्टी कशाने मोजायची?

साध्या लंबकाच्या साहाय्याने गुरुत्वत्वरण काढण्याचा प्रयोग तुमच्यापैकी पुष्कळांनी केला असेल. उत्तर ९.८ च्या आसपास आले की आपण निश्चिंत होतो. ९.२ आले, तर वहीत लिहिण्यापूर्वी शेजाऱ्याच्या वहीत डोकावतो! (शिक्षकांना हे ठाऊक असते, याविषयी शंका बाळगू नये.) म्हणजे आपले उत्तर बरोबर की चूक, हे आपण पुस्तकात छापलेल्या आकड्यावरून ठरवतो. पण ज्या राशीचे मूल्य कोणत्याच पुस्तकात छापलेले नाही, ती प्रथम मोजणाऱ्याने काय करावे? आपली मोजण्याची रीत भरवशाची आहे, हे त्याने कसे ओळखावे?

'पुन्हा पुन्हा मोजावे,' असे तुम्ही म्हणाल. ते बरोबरच आहे, पण अर्धेच. स्टॉपवॉच दाबताना आपले बोट कधी थोडे लवकर पडते, कधी उशिरा. अशा चुका सरासरी घेतली की बऱ्याच अंशी एकमेकींना खोडून काढतात. त्यांना यादृच्छिक चुका म्हणतात. आता शिंप्याची एक जुनी टेप घ्या. वापरून वापरून ती ताणली गेली आहे आणि तिच्यावरची १०० सेंटिमीटरची खूण प्रत्यक्षात १०१ सेंटिमीटरवर गेली आहे. या टेपने एखादे टेबल शंभर वेळा मोजा. शंभरही उत्तरे एकमेकांशी छान जुळतील आणि शंभरही चुकीची असतील. ही झाली पद्धतशीर चूक. कितीही वेळा मोजले तरी ती सापडत नाही, आणि मोजणाऱ्याच्या मनात नसता विश्वास मात्र उत्पन्न करते.

खगोलशास्त्रातील एक गोष्ट पाहा. ग्रिनिच वेधशाळेत नेव्हिल मॅस्केलीन हे राजज्योतिषी होते आणि डेव्हिड किनब्रूक हा त्यांचा साहाय्यक. दुर्बिणीच्या दृष्टिक्षेत्रात उभे धागे ताणलेले असत. तारा धागा केव्हा ओलांडतो हे डोळ्याने पाहायचे, त्याच वेळी घड्याळाचे ठोके कानाने मोजायचे आणि सेकंदाचा दहावा भाग अंदाजाने ठरवायचा, अशी त्या काळची रीत होती. किनब्रूकच्या नोंदी मॅस्केलीन यांच्या नोंदींपेक्षा उशिराच्या येत. ताकीद देऊनही फरक वाढत वाढत ०.८ सेकंदावर गेला आणि १७९६ साली किनब्रूकची नोकरी गेली. ०.८ सेकंद म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. पण वेळेतील एवढी चूक रेखांशात शिरली, तर विषुववृत्तावरील एखादे ठिकाण नकाशात सुमारे ३७० मीटर सरकते!

पुढे कोनिग्जबर्ग येथील बेसेल या जर्मन खगोलशास्त्रज्ञाच्या वाचनात ही हकीकत आली. त्याला वाटले, किनब्रूक निष्काळजी होता कशावरून? त्याने स्वतःचे वेध इतर निष्णात निरीक्षकांच्या वेधांशी ताडून पाहिले. काहींच्या बाबतीत फरक एक सेकंदाहूनही अधिक निघाला. डोळा आणि कान यांचा मेळ प्रत्येकाचा मेंदू आपापल्या परीने घालतो. या फरकाला पुढे 'व्यक्तिगत समीकरण' असे नाव पडले. मग मॅस्केलीन बरोबर की किनब्रूक? दोन घड्याळे निरनिराळी वेळ दाखवीत असतील, तर कोणते चुकले हे त्या दोघांवरूनच कसे सांगणार? वरिष्ठाचे घड्याळ बरोबर मानले गेले, इतकेच. माझ्या मते किनब्रूकवर अन्यायच झाला.

आता भौतिकशास्त्राकडे वळू. मिलिकन यांचा तेलाच्या थेंबांचा प्रयोग पाठ्यपुस्तकात असतो. १९१३ साली त्यांनी इलेक्ट्रॉनवरील विद्युत्भाराचे जे मूल्य प्रसिद्ध केले, ते आजच्या एककांत १.५९२ × १०⁻¹⁹ कूलंब इतके होते. त्यात हजारी सुमारे २ एवढीच चूक संभवते, असे त्यांचे म्हणणे होते. आजचे मूल्य १.६०२ आहे. म्हणजे चूक हजारी ६, कबूल केलेल्या मर्यादेच्या तिप्पट. थेंब मोजण्यात हयगय झाली होती काय? मुळीच नाही. थेंब हवेतून किती वेगाने पडतो, यावरून त्याचा आकार काढावा लागतो आणि त्यासाठी हवेची श्यानता, म्हणजे तिचा चिकटपणा, ठाऊक असावा लागतो. मिलिकन यांनी वापरलेली श्यानता हजारी सुमारे ४ ने कमी होती. या गणितात विद्युत्भार श्यानतेच्या दीड घाताच्या प्रमाणात असतो, म्हणून हजारी ४ चे हजारी ६ झाले. हजारो थेंब मोजले असते तरी हे कळले नसते, कारण प्रत्येक थेंब त्याच हवेतून पडणार होता.

ही चूक उघडकीस आणली ती जिच्यात हवाही नाही आणि तेलही नाही अशा एका रीतीने. बारीक समांतर रेघा आखलेल्या विवर्तन जालकावर क्ष-किरण अगदी तिरपे पाडून त्यांची तरंगलांबी मोजता येते, हे १९२० नंतरच्या दशकात दिसून आले. त्या तरंगलांबीवरून स्फटिकातील अणूंचे अंतर मिळते, त्यावरून एका मोलमधील अणूंची संख्या मिळते आणि विद्युत् विश्लेषणात एका मोलला लागणाऱ्या भाराला, म्हणजे सुमारे ९६,५०० कूलंबला, त्या संख्येने भागले की इलेक्ट्रॉनचा भार मिळतो. हे उत्तर मिलिकन यांच्या उत्तराशी जुळेना. काही वर्षे वाद चालला. अखेर १९३० नंतरच्या दशकात हवेची श्यानता नव्याने मोजली गेली, तेव्हा उलगडा झाला.

दोन रीती स्वतंत्र असणे म्हणजे काय, हे येथे नीट ध्यानात घ्या. एकाच टेपने दोघांनी मोजणे ही स्वतंत्र तपासणी नव्हे. एका रीतीत जी चूक शिरू शकते, ती दुसरीत शिरायला वाटच नसली पाहिजे.

पुरातत्त्वशास्त्रात तर हा प्रश्न अधिकच रंगतदार झाला. सजीवांच्या शरीरातील किरणोत्सर्गी कार्बन-१४ मृत्यूनंतर घटत जातो. किती उरला यावरून लाकडाचे किंवा कोळशाचे वय काढता येईल, असे विलर्ड लिबी यांनी दाखवले. पण ते वय खरे कशावरून? १९४९ साली लिबी व अर्नोल्ड यांनी ज्यांचे वय इतर मार्गांनी ठाऊक होते असे नमुने निवडले. ईजिप्तमधील झोसेर राजाच्या थडग्यातील लाकूड त्यांपैकीच. वये बऱ्यापैकी जुळली. १९६० साली लिबी यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

गंमत अशी, की सुरुवातीच्या मापनात काही शतकांची अनिश्चितता होती, म्हणूनच सारे जुळल्यासारखे दिसत होते. उपकरणे सुधारली तसे ध्यानात आले, की ईजिप्तमधील जुन्या वस्तूंची वये सातत्याने कमी भरतात. हवेतील कार्बन-१४ चे प्रमाण पूर्वीपासून तेवढेच आहे, हे गृहीतच डळमळीत होते. मग मदतीला आले कॅलिफोर्नियाच्या डोंगरांतील ब्रिसलकोन पाइन वृक्ष. यांतील काही चार हजारांहून अधिक वर्षे जगले आहेत. जिवंत झाडांच्या वलयांचा नमुना जुन्या मृत खोडांतील वलयांशी जुळवून सात हजारांहून अधिक वर्षांची साखळी तयार झाली. १९६७ साली हान्स स्यूस यांनी तिच्याआधारे दुरुस्तीचा आलेख प्रसिद्ध केला. सहा हजार वर्षांपूर्वीच्या लाकडाचे कार्बन-वय सुमारे सातशे वर्षांनी कमी येते, असे दिसून आले.

पण थांबा, झाडांवर तरी विश्वास का ठेवावा? एखाद्या वर्षी वलय धरलेच नसेल तर? ही शंकाही घेतली गेली. आयर्लंड व जर्मनी येथील ओक वृक्षांची साखळी वेगळी बांधण्यात आली. खंड वेगळे, झाडाची जात वेगळी, मोजणारी माणसे वेगळी, आणि तरीही आलेख जुळले. आज दुरुस्तीचा तक्ता सुमारे ५५,००० वर्षांपर्यंत मागे जातो. या दुरुस्तीमुळे पश्चिम युरोपातील काही दगडी थडगी ईजिप्तच्या पिरॅमिडांहून जुनी ठरली. ती कला पूर्वेकडून तिकडे गेली, हा प्रचलित समज त्यामुळे मोडीत निघाला. आपल्या पुणे जिल्ह्यातील इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीचा काळ ठरवतानाही याच रीतीचा उपयोग झाला. अशा ठिकाणाचे 'कार्बन-वय' वाचाल, तेव्हा ते दुरुस्त केलेले आहे की नाही, हे अवश्य पाहावे.

मोजमाप आकड्यांचेच असते असेही नाही. क्यूनिफॉर्म लिपी आम्हांला वाचता येते, असे काही विद्वान म्हणू लागले तेव्हा पुष्कळांना तो कल्पनेचा खेळ वाटला. १८५७ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीने तिग्लथ-पिलेसर या अ‍ॅसिरियन राजाच्या एकाच लेखाची चार विद्वानांनी परस्परांना न विचारता केलेली भाषांतरे उघडून ताडून पाहिली. मुख्य आशय जुळला आणि वाचण्याची रीत खरी ठरली.

वैद्यकातले एक उदाहरण तुम्हांला घरीही दिसेल. रक्तदाबमापकाच्या पाऱ्याच्या नळीवर दर २ मिलिमीटरला खूण असते. तेव्हा शेवटचा अंक ०, २, ४, ६, ८ यांपैकी प्रत्येक सुमारे २० टक्के वेळा यायला हवा. प्रत्यक्ष नोंदींत ० कितीतरी अधिक वेळा आढळतो. १३८ आणि १४२ दोन्ही १४० होतात, आणि औषध सुरू करावे की नाही हे जर १४० वर ठरणार असेल, तर ही गोष्ट क्षुल्लक राहत नाही. यावर तोड म्हणून १९७० च्या सुमारास एक मापक निघाला. त्यात शून्याची जागा दर वेळी बदले आणि वाचन लिहून झाल्यावरच ती कळे. पुढे तपासणीत आढळले, की हा मापक स्वतःच दाब किंचित कमी दाखवतो!

आता एक प्रयोग तुम्ही करा. एकाच झाडाची शंभर पाने गोळा करा. प्रत्येकाची लांबी मिलिमीटरपर्यंत मोजा. मोजणाऱ्याला हेतू सांगू नका. मग शेवटच्या अंकांचा तक्ता करा. ० ते ९ यांपैकी प्रत्येक अंक सुमारे दहा वेळा यावा. ० किंवा ५ बारा-तेरा वेळा आला, तर तो योगायोग असू शकतो. पंचवीस वेळा आला, तर तीच पाने दुसऱ्या कोणाकडून मोजवून घ्या आणि दोन्ही तक्ते शेजारी शेजारी ठेवा.