बिऱ्हाड पाहावे परदेशी मांडून

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले वाडवडील सांगून गेले. त्यांच्यावर घर हलवण्याचा प्रसंग फारसा येत नसावा. आला असता, तर 'बिऱ्हाड पाहावे हलवून' हा तिसरा चरण त्यांनी या म्हणीला खचित जोडला असता! आणि हे बिऱ्हाड सदाशिव पेठेतून कोथरुडला नव्हे, तर समुद्र ओलांडून, ऋतूसुद्धा उलटे असलेल्या मुलखात हलवायचे असेल, तर म्हण करण्याइतकीही फुरसत कोणाला उरत नाही.

आज आपल्या मध्यमवर्गात असे घर विरळा, की ज्या घरातले कोणी ना कोणी परदेशी नाही. निघण्यापूर्वी व्हिसा, विमान, लोणच्याच्या बरण्या आणि बॅगांचे वजन यांवर महिनोन् महिने खल चालतो. मात्र 'तिकडे राहणार कुठे?' या प्रश्नाला 'मेलबर्नला' एवढे उत्तर सर्वांना पुरते. पन्नास लाखांवर वस्तीचे ते शहर! 'मेलबर्नला' म्हणजे 'मुंबईला' म्हणण्यासारखेच झाले. कुलाबा की विरार, हे त्यावरून कळत नाही. आणि पुढची चार-पाच वर्षे सुखाची जाणार की डोळ्यांतून पाणी काढत जाणार, हे बरेचसे त्या न विचारलेल्या प्रश्नावर ठरते.

मला हा विषय पुस्तकातून कळलेला नाही. माझी धाकटी बहीण, तिचे यजमान आणि सहा वर्षांची मुलगी असे बिऱ्हाड २०२४ साली पुण्याहून मेलबर्नला गेले. आमच्या कॉलेजच्या मे महिन्याच्या सुट्टीत मीही तिकडे होतो. बहिणीच्या सासूबाईही काही महिन्यांसाठी आल्या होत्या. पहिले काही आठवडे तात्पुरत्या जागेत काढून त्यांना कायमची भाड्याची जागा शोधायची होती. त्या शोधात मी पिशव्या सांभाळणे आणि भाचीला गोष्टी सांगणे या दोन खात्यांचा मंत्री होतो. मंत्र्याला कामे थोडी आणि पाहायला सवड भरपूर, हे आपण जाणताच.

पूर्व आणि पश्चिम

तिकडे 'सबर्ब' हा शब्द आपल्या 'उपनगर' या शब्दाहून अधिक घरगुती आहे. प्रत्येक वस्तीला स्वतःचे नाव, स्वतःचा पोस्टाचा आकडा आणि स्वतःची प्रतिष्ठा असते. मधल्या उंच इमारतींच्या भागाला नुसते 'सिटी' म्हणतात. बाकी सारे मेलबर्न म्हणजे एकापुढे एक मांडलेली उपनगरेच.

ढोबळ मानाने पाहिले तर पूर्वेकडची उपनगरे जुनी, झाडीची आणि महाग. पश्चिमेला काळ्या दगडाचे सपाट, रुक्ष माळरान. तिथे पूर्वी कारखाने आले आणि आता मैलोगणती नवी घरे उठत आहेत. नवागताची पावले साहजिकच स्वस्ताईकडे वळतात. शहरालगतच्या पश्चिमेच्या फुट्सक्रे भागात एके काळी इटालियन आणि ग्रीक आले, १९७५ नंतर व्हिएतनामी आले. आग्नेयेच्या डँडेनाँगला १९५० नंतर मोटारींचे आणि डबाबंद खाद्यांचे कारखाने निघाले आणि युरोपातून आलेल्या कामकऱ्यांनी ते गाव भरले. आज तिथल्या फॉस्टर स्ट्रीटवर साड्या, मिठाई आणि भारतीय दागिन्यांची दुकाने आहेत. म्हणजे 'आपल्या लोकांत राहावे की परक्यांत?' हा प्रश्न आपणच प्रथम विचारत आहोत, असे समजण्याचे कारण नाही.

कागदावरचे गणित

मेव्हणे पेशाने इंजिनियर. त्यांनी पहिल्याच दिवशी एक तक्ता केला : भाडे, खोल्या, ऑफिसला लागणारी मिनिटे. तक्त्यात शेवटी दोन नावे उरली. एक पश्चिमेचे टारनीट, सिटीपासून सुमारे पंचवीस किलोमीटर; दुसरे आग्नेयेचे क्लेटन, सुमारे एकोणीस किलोमीटर. टारनीटला नवे कोरे घर, चार झोपण्याच्या खोल्या, दोन मोटारींचे गॅरेज आणि मागे अंगण. क्लेटनला जवळपास तेवढ्याच भाड्यात दोन खोल्यांचे जुने 'युनिट', म्हणजे एका आवारातल्या चार-सहा बैठ्या घरांपैकी एक.

टारनीटला २०१५ साली रेल्वे स्टेशन झाले आहे, आणि दोन्हीकडून आगगाडीने सिटीत जायला अर्ध्या तासाच्या आगेमागेच वेळ लागतो. भाड्याचा फरकही नाही. कारण २०१५ पासून तिथे लांबच्या पट्ट्यातून शहरात येणाऱ्यालाही जवळच्याइतकेच तिकीट पडते. तेव्हा गणित सुटले! चार खोल्या दोहोंपेक्षा मोठ्या, हे सांगायला इंजिनियर कशाला हवा?

या गणितातले काही खाचखळगे मात्र जाणाऱ्या प्रत्येकाने आधीच माहीत करून घ्यावेत. तिकडे भाडे आठवड्याचे सांगतात. आपण घाईने चाराने गुणतो आणि फसतो. कारण वर्षाचे आठवडे अठ्ठेचाळीस नसून बावन्न असतात. आठवड्याला ५०० डॉलर म्हणजे महिन्याला २,००० नव्हेत, जवळजवळ २,१६७. अनामत रक्कम, म्हणजे 'बॉण्ड', आठवड्याचे भाडे ९०० डॉलरपर्यंत असेल तर एका महिन्याच्या भाड्याहून अधिक मागता येत नाही. ती घरमालकाच्या खिशातही राहत नाही. व्हिक्टोरिया राज्याची एक स्वतंत्र संस्था ती सांभाळते. घरात शिरताना 'कंडिशन रिपोर्ट' नावाचा कागद हाती येतो. भिंतीवरचा प्रत्येक ओरखडा त्यात लिहून, फोटो काढून, कामकाजाच्या पाच दिवसांत तो परत द्यायचा असतो. आपल्याकडची भिडस्त माणसे 'एवढ्या-तेवढ्याला काय लिहायचे?' म्हणतात, आणि घर सोडताना तोच ओरखडा त्यांच्या नावावर पडतो. घर बहुधा रिकामे मिळते. फ्रिजसुद्धा आपला आपण आणावा लागतो.

आणखी एक गंमत. दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडून जातो. त्यामुळे बैठकीची खोली उत्तरेला असेल, तर थंडीत ऊन घरात येते. जून-जुलैत मेलबर्नच्या गारठ्यात त्या उन्हाची किंमत हीटरच्या बिलावरून कळते. मार्च २०२१ पासून भाड्याच्या घरात मुख्य खोलीत पक्का बसवलेला, चालू स्थितीतला हीटर असलाच पाहिजे, असा तिथला नियम आहे. घर पाहताना तो लावून पाहावा, लाजू नये.

मंगळवार, सकाळी अकरा

घरे पाहण्याचा रिवाज तिकडे असा, की दलाल बहुधा शनिवारी पंधरा-वीस मिनिटे दार उघडतो आणि पंधरा-वीस जोडपी बूट काढून एकामागून एक आत जातात. शनिवारी कोणतेही उपनगर छानच दिसते. मोटारी धुतल्या जात असतात, मुले सायकलींवर असतात, शेजारी हात हलवतो.

माझी बहीण अर्थशास्त्राची पदवीधर असली तरी तिच्या अंगी आमच्या आईचा व्यवहार आहे. ती म्हणाली, "दादा, हे घरी असतात तो शनिवार मी पाहिला. हे घरी नसतील तो मंगळवार मला बघायचाय." तिला मोटार येत नव्हती. निदान वर्षभर तिला नोकरी मिळेल याचाही भरवसा नव्हता. तेव्हा एका मंगळवारी सकाळी अकरा वाजता ती, तिच्या सासूबाई आणि मी असे तिघे टारनीटच्या त्या घरापासून पायी निघालो.

रस्ते रुंद, स्वच्छ. दोन्ही बाजूंना सारखी घरे आणि सारखी बंद गॅरेजे. वीस मिनिटे चाललो. माणूस असा एकच भेटला, तो पार्सल टाकून गेला. पहिले दुकान आले ते पंचविसाव्या मिनिटाला. स्टेशन त्याहून पुढे. तिथे जायला बस, नाहीतर मोटार. सासूबाई थबकून म्हणाल्या, "अगं, इथे माणसं राहतात की मोटारी?"

त्याच आठवड्यात आम्ही क्लेटनलाही तसेच गेलो. युनिटपासून सात मिनिटांवर क्लेटन रोड. तिथे व्हिएतनामी पाववाला, चिनी भाजीवाला, डाळ-तांदूळ-कढीपत्ता ठेवणारा भारतीय वाणी, औषधांचे दुकान, सार्वजनिक वाचनालय. स्टेशनजवळचे रूळ २०१८ साली उचलून खांबांवर नेले आहेत, त्यामुळे फाटकाशी ताटकळणे नाही. जवळच मोनॅश मेडिकल सेंटर हे मोठे रुग्णालय, आणि १९६१ साली पहिले विद्यार्थी घेतलेले मोनॅश विद्यापीठ. पदपथावर म्हातारी माणसे, बाबागाड्या, कॉलेजची पोरे. सासूबाईंनी वाण्याकडे कोथिंबीर पाहिली आणि आपले मत तिथेच नोंदवून टाकले.

शाळेचा घोळ

मेव्हण्यांनी एवढ्यावर हार मानली नाही. "मुलीच्या शाळेचे काय?" त्यांच्या ऑफिसातल्या प्रत्येकाने त्यांना ग्लेन वेव्हर्लीचे नाव सांगितले होते. व्हिक्टोरियात सरकारी शाळांना हद्द असते. तुमचे घर ज्या शाळेच्या हद्दीत, तिथे तुमच्या मुलाला प्रवेशाचा हक्क. हद्दीबाहेरच्याला जागा उरली तर. पत्ता घातला की शाळा दाखवणारे सरकारी संकेतस्थळही आहे. यामुळे होते काय, की नामांकित माध्यमिक शाळेच्या हद्दीत घरभाडी चढतात, आणि रस्त्याच्या अलीकडच्या घराला पलीकडच्या घराहून अधिक भाव येतो.

पण भाची सहा वर्षांची! तिला बेरीज अजून बोटांवर करावी लागते, आणि तिच्या बारावीच्या निकालासाठी आत्तापासून भाडे भरायचे? भाड्याचा करार बहुधा वर्षाचा असतो. पोर माध्यमिक शाळेत जाईपर्यंत बिऱ्हाड दोनदा हलू शकते. आज पाहायची ती प्राथमिक शाळा, आणि तीही पायी जाता येईल अशी. कारण शाळेच्या फाटकाशी दुपारी साडेतीनला उभ्या असलेल्या आयांतच परक्या देशातली पहिली मैत्रीण सापडते. मोटारीतून पोर सोडणाऱ्या आईला ती सापडायला वेळ लागतो. याहून लहान मूल असेल, तर नगरपालिकेचे माता-बाल आरोग्य केंद्र कुठे आहे, हेही पाहावे. जन्मापासून शाळेपर्यंत मुलाची तपासणी तिथे मोफत होते, आणि पहिलटकरणींची मंडळेही तिथेच जमतात.

टारनीटची बाजू

यावरून कोणी टारनीटवर रागावू नये. आमच्या चुलतभावाचे बिऱ्हाड तिथेच आहे आणि मजेत आहे. नवराबायको दोघेही मोटार चालवतात. गल्लीत चार मराठी घरे आहेत. एकीच्या घरी गणपती, दुसरीच्या घरी हळदीकुंकू. मोठे घर असल्याने आईवडील येऊन सहा-सहा महिने राहतात आणि संध्याकाळी इतर भारतीय आजी-आजोबांबरोबर तळ्याकाठी फिरतात. त्यांना क्लेटनचे युनिट खुराड्यासारखे वाटेल, आणि ते खरेही आहे. उपनगर चांगले की वाईट, हे ते कोणासाठी आहे यावर ठरते.

आपल्याला हे नवीन नाही. गिरगावातून आपली माणसे दादरला, पार्ल्याला, डोंबिवलीला गेली, तेव्हा त्यांनी तरी काय पाहिले? स्टेशन किती मिनिटांवर, भाजी कुठे मिळते, मुलांची शाळा कुठे. आणि जिथे काही नव्हते तिथे त्यांनी ते उभे केले. पार्ल्यात लोकमान्य सेवा संघ १९२३ साली निघाला, तेव्हा पार्ले हे मुंबईबाहेरचे लहानसे गावच होते. मेलबर्नच्या माळरानावरची आजची नवी वस्तीही उद्या तशी होईल. प्रश्न एवढाच, की ती तशी होईपर्यंतची वर्षे घरातल्या कोणाच्या वाट्याला येणार?

निकाल

शेवटी बहिणीने तक्त्यात एक रकाना वाढवला : 'मोटारीशिवाय'. त्या रकान्यात दूध, शाळा, डॉक्टर, वाचनालय आणि आगगाडी यांची पायी मिनिटे लिहिली. टारनीटच्या रकान्यात बहुतेक फुल्याच पडल्या. मेव्हण्यांनी पाच मिनिटे कागद पाहिला आणि क्लेटनच्या युनिटसाठी अर्ज भरला.

एक खोली कमी पडली, हे नाकारण्यात अर्थ नाही. सासूबाईंची कॉट बैठकीत आली आणि पुण्याहून नेलेल्या दोन बॅगा वर्षभर पलंगाखालीच राहिल्या. पण भाची पायी शाळेला जाऊ लागली. सासूबाई भाषेवाचून वाचनालयापर्यंत आणि वाण्यापर्यंत एकट्या जाऊन येऊ लागल्या. आठ महिन्यांनी बहीण मोटार शिकली, ती गरज म्हणून नव्हे, हौस म्हणून. परक्या देशात या दोन शब्दांत फार अंतर असते. मोटारीची वाट पाहत खिडकीशी बसलेल्या बायका मी तिकडे पाहिल्या आहेत. त्यांची घरे अतिशय सुंदर होती.

तेव्हा वाचकहो, आपला मुलगा, मुलगी, भाचा, पुतणी यंदा बिऱ्हाड घेऊन परदेशी निघाली असेल, तर त्यांना भाड्याचा आकडा जरूर विचारा, खोल्याही विचारा. पण त्याबरोबर हेही विचारा, की घरातले ज्याला मोटार येत नाही, ते माणूस मंगळवारी सकाळी अकरा वाजता घराबाहेर पडले तर पायी कुठवर जाईल, आणि वाटेत त्याला कोण भेटेल? याचे उत्तर फोनवर चटकन मिळाले, तर जागा चांगली आहे असे समजा आणि लोणच्याची बरणी निर्धास्त पाठवा.