सुईचें गूढ आणि अफवेचें विष

आजकाल घराघरांतून पाहिल्या जाणाऱ्या रहस्यमय वेबमालिकांत एक देखावा ठरलेला असतो. एक गुप्त पंथ असतो. त्याचा प्रमुख कोण, हें शेवटच्या भागापर्यंत कळावयाचें नाहीं. शहराबाहेर ओसाड बंगला, त्यांत पांढरा झगा घातलेला डॉक्टर, आणि त्याच्या हातांत निळसर द्रवानें भरलेली पिचकारी. सुई मानेंत शिरते, माणूस तत्क्षणीं कोसळतो, आणि शुद्धीवर येतो तो पूर्वायुष्य विसरून, पंथाचा आज्ञाधारक सेवक होऊन. कथा म्हणून हें सारें ठीक आहे. श्रोत्याला भिवविणें हा कथेचा जुना हक्कच आहे. परंतु कथा संपल्यावर मनांत जें उरतें, तें एकदां तपासून पाहिलें पाहिजे. खानदेशांतील साक्री तालुक्यांत २०१८ सालीं अशाच एका कल्पित कथेपायीं पांच निरपराध माणसें प्राणांस मुकलीं. त्या प्रसंगाकडे मी मागाहून येतों. आधीं सुईचेंच काय तें पाहूं.

पोकळ सुईनें त्वचेखालीं औषध सोडण्याची युक्ति फारशी जुनी नाहीं. डब्लिन येथील फ्रान्सिस रिंड या शस्त्रवैद्यानें १८४४ सालीं असा प्रयोग केला. पुढें १८५३ च्या सुमारास फ्रान्सांत प्रावाझ यानें आणि स्कॉटलंडांत अलेक्झांडर वुड यानें सुई व पिचकारी यांची जोड प्रचारांत आणली. तोंडानें घेतलेलें औषध जठर, आंतडीं आणि यकृत या तिन्ही नाक्यांवरून जातें. सुईनें दिलेलें औषध हे नाके चुकवितें. एवढाच काय तो सुईचा चमत्कार. दंडाच्या वा मांडीच्या स्नायूंत दिलेलें औषध रक्तांत मिसळून मेंदूपर्यंत पोंचावयास कांहीं मिनिटें लागतात. शिरेंतून दिलें तर काम लौकर होतें. पण धडपडणाऱ्या माणसाची शीर सांपडणें किती कठीण, हें कोणतीही परिचारिका सांगेल. तेव्हां मानेंत सुई टोंचतांच माणूस लांकडासारखा पडतो, ही निव्वळ पडद्यावरची सोय होय.

शिवाय मात्रेचा प्रश्न आहेच. झोंप, बेशुद्धि आणि मृत्यु हीं एकाच जिन्याच्या पायऱ्यांसारखीं आहेत, आणि त्या पायऱ्यांमधील अंतर प्रत्येक माणसांत वेगळें असतें. म्हणूनच शस्त्रक्रियेच्या वेळीं भूल देणारा स्वतंत्र तज्ज्ञ रोग्याच्या उशाशीं बसून श्वास आणि नाडी यांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवितो. १९०२ मध्यें नव्हे, तर अगदीं अलीकडे, ऑक्टोबर २००२ मध्यें मॉस्कोंतील एका नाट्यगृहांत दहशतवाद्यांनीं प्रेक्षकांना ओलीस धरिलें होतें. त्यांना गुंगविण्यासाठीं सरकारी दलांनीं आंत गुंगीचा वायु सोडला. त्यांत शंभराहून अधिक ओलीस दगावले. एका बलाढ्य राष्ट्राच्या शास्त्रज्ञांना जें बेतानें साधलें नाहीं, तें ओसाड बंगल्यांतील डॉक्टराला साधेल कसें?

आतां आज्ञाधारक बनविणाऱ्या औषधाविषयीं. हें स्वप्न मात्र खऱ्या माणसांनीं खरोखरच पाहिलेलें आहे. अमेरिकेंत टेक्सासमधील रॉबर्ट हाउस या डॉक्टरानें १९२२ सालीं स्कोपोलामीन हें द्रव्य कैद्यांना देऊन त्यांच्या तोंडून सत्य वदविण्याचा प्रयोग केला. पुढें १९५३ पासून अमेरिकन गुप्तचर खात्यानें 'एमके-अल्ट्रा' या नांवाखालीं, अनेकदां लोकांच्या नकळत, मेंदूवर परिणाम करणारीं द्रव्यें त्यांच्यावर योजिलीं. १९७५ सालीं हें सारें उघडकीस आलें. पैसा, सत्ता आणि गुप्तता हीं तिन्ही हाताशीं असूनही माणसाला कळसूत्री बाहुलें करणारें औषध त्या खात्याला मिळालें नाहीं. गुंगीच्या औषधांनीं जीभ सैल होते. पण सैल झालेली जीभ सत्याबरोबर कल्पितही बोलते. आपल्याकडे अशा गुंगींतील जबानीला 'नार्को' चांचणी म्हणतात. सर्वोच्च न्यायालयानें ५ मे २०१० रोजीं सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यांत, व्यक्तीच्या संमतीवांचून अशी चांचणी करतां येणार नाहीं, असा निर्णय दिला. औषधानें कांहीं वेळापुरती आठवण पुसट होऊं शकते, हें खरें. परंतु जुनें आयुष्य पुसून त्या जागीं नवी निष्ठा लिहिणारी शाई कोणत्याही पिचकारींत नाहीं.

मग गुप्त सुईनें कधींच कोणाचा घात झाला नाहीं काय? झाला आहे, आणि त्या कथेचा एक धागा आपल्या मुंबईपर्यंत येतो. पाकूर या जमीनदारींतील अमरेंद्र पांडे हा तरुण २६ नोव्हेंबर १९३३ रोजीं हावडा स्टेशनावर गाडीची वाट पाहत होता. गर्दींत एक अनोळखी इसम त्याला घांसून गेला आणि त्याच्या दंडांत कांहींतरी टोंचलें. पुढें ताप चढला व ४ डिसेंबरला तो मरण पावला. मृत्यूपूर्वीं घेतलेल्या त्याच्या रक्तांत प्लेगचे जंतु आढळले! घराण्याच्या मालमत्तेवरून त्याचें वैर होतें तें त्याच्या सावत्र भावाशीं. या भावानें तारानाथ भट्टाचार्य नांवाच्या डॉक्टराच्या साहाय्यानें हे जंतु मिळविण्याची खटपट मुंबईंत केली होती. हाफकिन संस्थेंत ते सहजासहजीं मिळेनात, म्हणून त्यांनीं आर्थर रोडच्या सांथीच्या रोगांच्या रुग्णालयांतून ते हस्तगत केले.

या प्रकरणांतून जो बोध घ्यावयाचा तो असा. येथें गुप्त पंथ नव्हता. होता तो इस्टेटीचा तंटा. ज्या जंतुशास्त्राच्या आधारें गुन्हा घडला, त्याच शास्त्रानें तो उघडकीस आणला. पत्रव्यवहार, प्रवास, मुंबईंतील मुक्काम, रुग्णालयांतील ओळखी अशा एकेक पावलाचा माग न्यायालयापुढें आला. दोघांना प्रथम देहान्ताची शिक्षा झाली, आणि १९३६ सालीं कलकत्ता उच्च न्यायालयानें ती जन्मठेपेच्या काळ्या पाण्यावर आणली. खरा कट असा असतो. त्यांत माणसें थोडीं, हेतु क्षुद्र, आणि मागें राहिलेल्या खुणा पुष्कळ. हजारों माणसें वर्षानुवर्षें मौन पाळून चालवितात असा कट कथेंतच आढळतो.

तरीही अफवा उठते, आणि तिच्यावर विश्वास बसतो. याचें मोठें उदाहरण मुंबईच्या प्लेगमध्यें पाहावयास मिळतें. सप्टेंबर १८९६ मध्यें मांडवी भागांत डॉक्टर व्हिएगस यांनीं हा रोग ओळखला. सरकारनें घरोघर झडत्या घेऊन रोग्यांस सक्तीनें रुग्णालयांत नेण्यास आरंभ केला, आणि लोकांत कुजबूज सुरूं झाली कीं, तेथें माणसांना उलटें टांगून त्यांच्या देहांतून 'मोमियाई' नांवाचें तेल काढतात. ऑक्टोबरच्या अखेरीस गिरणी कामगारांच्या सुमारें हजाराच्या जमावानें आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. आजच्या मालिकेंतील ओसाड बंगला आणि त्या वेळचें रुग्णालय यांत कल्पनेच्या दृष्टीनें फारसा फरक नाहीं. परका माणूस, बंद दार आणि त्यामागें देहाची विटंबना: सांचा तोच.

याच काळांत वाल्डेमार हाफकिन हे मुंबईंत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजांतील एका लहानशा जागेंत त्यांनीं प्लेगचे जंतु वाढविले, उष्णता देऊन मारले व त्यांची लस केली. १० जानेवारी १८९७ रोजीं त्यांनीं ती प्रथम स्वतःच्या अंगांत टोंचवून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगांत स्वेच्छेनें पुढें आलेल्या कैद्यांवर तिची परीक्षा झाली. तरीही लोक बिचकले. पंजाबांत तर सुई हातभर लांब असते, टोंचतांच माणूस मरतो, पुरुषांचें पौरुष जातें आणि स्त्रिया वांझ होतात, अशा कंड्या पिकल्या. मुंबईंत तरुण आगाखानांनीं लोकांसमक्ष लस टोंचून घेतली, तेव्हां कोठें त्यांच्या अनुयायांची भीति गेली. उघडपणा हेंच अफवेवरचें पहिलें औषध, हें तेव्हांच सिद्ध झालें होतें.

पण केवळ लोकांच्या अज्ञानाला हंसून चालणार नाहीं. ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मुल्कोवाल गांवीं १०७ जणांना लस टोंचण्यांत आली आणि त्यांपैकीं एकाच बाटलींतून टोंचलेले १९ जण धनुर्वातानें मरण पावले. दोष हाफकिन यांच्या माथीं मारण्यांत आला. बाटली उघडतांना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला व तो नीट निर्जंतुक न करतां वापरला गेला, ही गोष्ट पुढें महत्त्वाची ठरली. आणि रोनाल्ड रॉस आदि शास्त्रज्ञांनीं बाजू मांडल्यावर १९०७ सालीं हाफकिन यांच्यावरील ठपका दूर झाला. परळची जी प्रयोगशाळा त्यांनीं उभारली, तिला १९२५ सालीं त्यांचेंच नांव देण्यांत आलें. सुईचें खरें भय येथें आहे: अस्वच्छ चिमट्यांत आणि पुन्हां वापरलेल्या सुईंत. गुजराथेंत मोडासा येथें २००९ सालीं काविळीची जी भयंकर सांथ आली, तिचें मूळ पुन्हां पुन्हां वापरलेल्या पिचकाऱ्यांत सांपडलें. गंमत अशी कीं, लशीला भिणारा माणूसच दवाखान्यांत जाऊन, "डॉक्टर, गोळ्या नकोत, सुईच टोंचा" असा हट्ट धरितो, आणि ती सुई नव्या वेष्टनांतून काढली कीं नाहीं हें विचारीतही नाहीं.

कोविडची लस १६ जानेवारी २०२१ पासून देण्यास प्रारंभ झाला, तेव्हां शंभर वर्षांपूर्वींच्याच अफवा नवा पोशाख करून आल्या. वांझपणाची गोष्ट तीच होती; तेलाच्या जागीं मात्र सूक्ष्म यंत्र आलें. जून २०२१ मध्यें नाशिकच्या एका गृहस्थांच्या अंगाला लशीनंतर चमचे व नाणीं चिकटतात, अशी वार्ता सर्वत्र झाली. लशीची एक मात्रा अर्ध्या मिलिलिटरची, आणि तींत लोहचुंबक नाहीं. घामानें व तेलकटपणानें ओलसर झालेल्या गुळगुळीत त्वचेवर हलकी वस्तु चिकटून राहते. अंगाला पावडर लावली कीं चमत्कार नाहींसा होतो. जनावरांच्या अंगांत ओळखीसाठीं जो यंत्रकण बसवितात, तो तांदळाच्या दाण्याएवढा असून त्याला चांगलीच जाड सुई लागते. आणि वाचक-यंत्र अगदीं जवळ नेल्याशिवाय तो कांहीं सांगत नाहीं. एवढें ठाऊक असलें तरी निम्मी भीति ओसरते.

आतां साक्रीकडे. २०१८ च्या उन्हाळ्यांत मुलें पळविणाऱ्या टोळ्या फिरत आहेत, असे संदेश व्हॉट्सॲपवरून देशभर पसरले. कांहीं संदेशांत अवयव काढून विकण्याचीही पुस्ती जोडलेली असे. पुरावा म्हणून दाखविलेलें एक चित्रण तर कराचींतील होतें. मुलांच्या सुरक्षिततेविषयीं जागृति करण्यासाठीं तें मुद्दाम अभिनय करून बनविलेलें होतें. त्यांत दुचाकीवरील इसम मुलाला उचलतो आणि लगेच परत आणून सोडतो, व शेवटीं फलक दाखवितो. कोणीतरी तो शेवट कापला, आणि नाटकाचा पुरावा झाला.

१ जुलै २०१८ हा साक्री तालुक्यांतील राईनपाड्याच्या आठवडे बाजाराचा दिवस होता. सोलापूर जिल्ह्यांतील मंगळवेढ्याकडून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे भिक्षेकरी तेथें उतरले होते. पिढ्यान् पिढ्या भिक्षा मागत गांवोगांव हिंडणें हा त्यांचा जीवनक्रम. टोळीचा संशय त्यांच्यावर आला; जमावानें त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलींत कोंडून मारहाण केली, आणि पांचही जण मेले. एकानेंही कोणाचें मूल पळविलेलें नव्हतें. त्याच सुमारास जवळच्या मालेगांवांतही अशाच संशयावरून एका कुटुंबावर जमाव चालून गेला. पण तेथें कांहीं रहिवासी आणि पोलिस मध्यें पडले व तीं माणसें वांचलीं. दोन गांवांतील अंतर थोड्या तासांचें, अफवा तीच. फरक पडला तो मध्यें उभ्या राहिलेल्या माणसांमुळें.

त्याच महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानें जमावाच्या हिंसेला आळा घालण्यासाठीं सरकारांना सविस्तर निर्देश दिले, आणि व्हॉट्सॲपनें भारतांत एक संदेश एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं धाडण्यावर मर्यादा घातली. हे उपाय योग्यच आहेत. परंतु संदेश पुढें धाडणारें बोट सरकारचें नसतें. तें आपलें असतें. राईनपाड्याचा विचार करतांना शहरांतील सुशिक्षितांना एक प्रकारचें अंतर जाणवतें. डोंगराळ भागांतील भाबडे लोक, असें म्हणून ते सुस्कारा टाकतात. लशींतील यंत्राची आणि वांझपणाची वार्ता शहरांतील शिकल्यासवरल्या कुटुंबांतूनही फिरत होती, हें त्यांनीं आठवावें.

म्हणून असा संदेश हातीं आला कीं चार प्रश्न विचारावे. हें कोठें व कोणत्या तारखेस घडलें? पाहणाऱ्याचें नांव कोणी सांगतो काय? हें खरें असावयास किती जणांनीं मौन पाळलें पाहिजे? आणि हें खोटें निघालें, तर त्याचा मार कोणाच्या पाठीवर बसेल? पहिल्या तीन प्रश्नांनीं बुद्धि शाबूत राहते, चौथ्यानें माणुसकी. मालिका खुशाल पाहाव्या, भयानें अंगावर कांटाही येऊं द्यावा. मात्र दुसऱ्या दिवशीं दारांत झोळी घेऊन अनोळखी गोसावी उभा राहिला, तर त्याच्याकडे पाहतांना आपल्या डोळ्यांवर आदल्या रात्रींचा पडदा राहूं देऊं नये.