तेल पुसणारं जहाज

कवीला जहाजावर बोलायला बोलावलं की तो शीड, वारा आणि चांदणं यांवर घसरणार, अशी तुमची धास्ती असेल. पण मी ज्या जहाजाबद्दल बोलणार आहे त्याला शीडच नाही आणि त्याचं मुख्य काम झाडूवाल्याचं आहे. भारतीय तटरक्षक दलाचं हे जहाज, नाव ‘समुद्र प्रहरी’.

७ ऑगस्ट २०१०चा शनिवार आठवतो? ‘एमएससी चित्रा’ हे मालवाहू जहाज न्हावाशेव्याहून बाहेर पडत होतं आणि ‘खलिजिया-३’ मुंबई बंदरात येत होतं. बंदराच्या तोंडाशीच दोघांची टक्कर झाली. माणसं सगळी वाचली. पण ‘चित्रा’ कलंडलं. त्याच्यावरच्या बाराशेवर कंटेनरांपैकी शेकडो पाण्यात पडले, काहींत कीटकनाशकं होती. सुमारे ८०० टन इंधन तेल समुद्रात गेलं. उरण, घारापुरी, अलिबागपर्यंतच्या किनाऱ्यांना आणि खारफुटीला काळा थर चढला.

माझे मामू अलिबागच्या बाजूला राहतात. घरात पिढ्यान्‌पिढ्यांची मासेमारी. पावसाळ्याची बंदी उठायची वेळ आणि रमजान तोंडावर आलेला. मामूंचा फोन आला, “अरे, होडी रंगवून ठेवली, जाळी शिवून ठेवली. आता मासळी घेणार कोण?” मुंबईच्या बाजारात लोक पापलेटाचा वास घेऊन पुढं जात होते. मासळी चांगली असो की वाईट, भीतीपुढं भाव टिकत नाही.

याच सुमाराला सुरतेत ‘समुद्र प्रहरी’ तयार होत आलं होतं. तापीकाठच्या एबीजी शिपयार्डनं ते बांधलं आणि ९ ऑक्टोबर २०१० रोजी ते सेवेत आलं. म्हणजे टकरीनंतर दोन महिन्यांनी. टक्कर झाली म्हणून जहाज बांधलं, असा मात्र कुणी समज करून घेऊ नये. असं जहाज दोन महिन्यांत होत नाही, त्याला वर्षं लागतात. आखातातून तेल घेऊन येणारी जहाजं आपल्या दारावरून जातात, मुंबई हायच्या विहिरी समोरच आहेत, आणि समुद्रात तेल सांडलं तर निस्तरायची जबाबदारी तटरक्षक दलाची. प्रदूषण निवारणासाठीच बांधलेलं हे देशातलं पहिलं जहाज.

लांबी सुमारे ९४ मीटर, वेग ताशी वीस सागरी मैल. पण त्याचं खरं वैशिष्ट्य त्याच्यावरच्या सामानात आहे. ‘बूम’ म्हणजे तरंगती आडकाठी. फुगवलेली लांबलचक नळी पाण्यावर सोडायची आणि तवंगाला वेढा घालायचा. वेढ्यात दाट झालेलं तेल ‘स्किमर’ वरच्यावर खेचून जहाजाच्या टाक्यांत सोडतो. ते जमलं नाही तर रसायनाची फवारणी. या रसायनानं तेल नाहीसं होत नाही बरं का! त्याचे बारीक थेंब होऊन ते पाण्यात मिसळतं, पुढचं काम लाटा आणि जिवाणू करतात. म्हणून उथळ पाण्यात आणि खारफुटीजवळ ही फवारणी टाळतात. तिथं ते थेंब थेट कोळंबीच्या पिल्लांपर्यंत पोचतात.

जहाज दहा महिन्यांचं झालं आणि परीक्षा आली. ४ ऑगस्ट २०११ रोजी ‘रॅक कॅरियर’ हे जहाज मुंबईपासून वीसेक सागरी मैलांवर बुडालं. पोटात साठ हजार टन कोळसा आणि २९० टन इंधन तेल. तीसही जणांना वाचवलं, पण तळाशी गेलेल्या जहाजातून तेल झिरपू लागलं. ‘समुद्र प्रहरी’ कामाला लागलं, वरून विमानं, हेलिकॉप्टरं. तरी तवंग जुहूच्या वाळूवर आलाच.

मामूंनी विचारलं, “एवढं मोठं जहाज दिलं सरकारनं, मग तेल किनाऱ्याला लागलं कसं?” मी म्हटलं, “मामू, तुम्ही तरी ऑगस्टच्या दर्यात जाळं पसरता का? बूमचंही तसंच. लाट उंच झाली की तेल वरून उडी मारून जातं, वारा तवंग फाडतो, तेल पाण्यात घुसळून दह्यासारखं घट्ट होतं. मग हाती उरते ती फवारणी.” मामू म्हणाले, “म्हणजे जहाजं बुडायची पावसात आणि झाडू चालायचा हिवाळ्यात!” मला याचं उत्तर देता आलं नाही. पण फवारणी झाली नसती तर किनाऱ्यावर किती आलं असतं, ते कुणाला दिसत नाही. या जहाजाचं यश न दिसण्यातच आहे.

पुढे त्याला दोन भावंडं आली, २०१२ मध्ये ‘समुद्र पहेरेदार’ आणि २०१६ मध्ये ‘समुद्र पावक’. मला यातलं मधलं नाव आवडतं. ‘समुद्र’ संस्कृत, ‘दार’ फारसी, आणि दोघं एकाच पाटीवर सुखानं नांदताहेत. बांधणारी कंपनी मात्र कर्जात बुडाली. २०१९ मध्ये ती मोडीत काढायचा आदेश निघाला. जहाजं तरली, गोदी बुडाली.

मामूंनी २०१० सालचं ते एक जाळं अजून टाकलेलं नाही. रॉकेलनं पुसून झालं, उन्हात वाळवून झालं. पडवीत टांगलेलं आहे, आणि मे महिन्यात दुपारी त्याच्याखाली बसलं की अजून डांबराचा वास येतो.